कानाचा आठवडी हिशेब

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात किंवा वरातीतील डीजेसमोर कानांवर हात ठेवणारी एखादी व्यक्ती बहुतेक कुटुंबांत असते. ‘एवढे काय झाले?’ म्हणून तिची थट्टाही होते. पण तीच व्यक्ती दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून मोठ्या आवाजात गाणी ऐकते, तेव्हा तिला काहीच खुपत नाही. कारण तो आवाज तिने स्वतः, आपल्या बेताने वाढवलेला असतो आणि नकोसा होताच तो बंद करता येतो. कार्यक्रमातील आवाज मात्र दुसऱ्याच्या हाती असतो. त्याचा खर्ज छातीतही धडधडतो. तथापि, जे खुपत नाही ते निरुपद्रवी, असा निष्कर्ष आपण काढू नये.

अंतःकर्णातील शंखाकृती नळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनिलहरींनी त्या डोलतात आणि त्यातूनच मेंदूकडे संदेश जातो. अतिश्रमाने त्या थकतात, वारंवार थकल्या की मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा निर्माण होत नाहीत. आवाज हेडफोनचा की रंगमंचावरचा, हा भेद त्यांना नाही. त्यांच्या लेखी तीव्रता आणि कालावधी, एवढाच हिशेब.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सुचवली आहे; मुलांसाठी तीच ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलांनी वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि मुभा निम्मी. त्यामुळे प्रौढांना ९० डेसिबल आवाजासाठी आठवड्यात सुमारे ४ तास, तर १०० डेसिबलसाठी जेमतेम २० ते २५ मिनिटे मिळतात.

आता तुलना करून पाहा. १०० डेसिबल आवाजाचा दोन तासांचा कार्यक्रम किमान पाच आठवड्यांची मुभा एका रात्रीत संपवतो. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी ९० डेसिबलपर्यंत आवाज चढवून रोज दोन तास ऐकणारा प्रवासी सहा दिवसांत १२ तास, म्हणजे मुभेच्या तिप्पट खर्च करतो. तोही दर आठवड्याला. कार्यक्रम वर्षातून दोन-चारदा होतात, प्रवास रोजचा असतो.

म्हणून दोन्हीकडे सावध राहा. बाहेरचा गोंगाट रोखणारे हेडफोन वापरल्यास आवाज वाढवण्याचा मोह टळतो. फोनमधील आवाजमर्यादेची सोय मुलांसाठी अवश्य वापरा. कार्यक्रमात ध्वनिक्षेपकापासून दूर बसा, फोमचे बोळे जवळ ठेवा आणि अधूनमधून बाहेर येऊन कानांना विसावा द्या. नंतर कानांत दडा बसला किंवा शिट्टी वाजत राहिली, तर तो इशारा समजा. दोन दिवसांत ती थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही दवडू नका.

आणि भांड्यांच्या आवाजानेही ज्यांचे कान दुखतात, त्यांना नाजूक ठरवून हिणवू नका. ही खरीखुरी तक्रार असून तिच्यावर उपचार होतात. मात्र अशा व्यक्तींनी दिवसभर बोळे घालून शांततेत राहू नये. त्याने संवेदनशीलता आणखी वाढू शकते. बोळे गोंगाटासाठी आहेत, घरच्यांच्या बोलण्यासाठी नव्हेत.