कासव तळ्यात सोडण्यापूर्वी

सुट्टीच्या दिवशी असरची नमाज झाली की आम्ही घरचे सगळे वस्तीजवळच्या बागेत जातो. तळ्याच्या काठी बसून कासवे मोजणे हा मुलांचा ठरलेला खेळ. खर्च काही नाही. हलायचे नाही आणि ओरडायचे नाही, एवढीच अट. पावलांची चाहूल लागली तरी कासव बुडी मारते. वर्गात पाच मिनिटे गप्प न राहणारी पोरे इथे श्वास रोखून बसतात.

पाहता पाहता दोन प्रकार ओळखू येऊ लागले. एक आपल्या मातीतले : चपटे, गोलसर, मऊ कातडीच्या पाठीचे. त्याचे बहुधा नाकच दिसते. श्वासासाठी ते नळीसारखे नाक पाण्याबाहेर काढते आणि पुन्हा खाली जाते. मागचे पाय आत ओढले की पोटाकडच्या कातडी झडपा ते झाकून टाकतात, म्हणून इंग्रजीत त्याला ‘फ्लॅपशेल’ म्हणतात. गोगलगायी, मासे, पाणवनस्पती, मेलेले जीवसुद्धा ते खाते आणि पाणी स्वच्छ ठेवायला हातभार लावते. तळे आटले तर चिखलात स्वतःला गाडून घेते.

दुसरे दगडावर ऐटीत ऊन खात बसलेले असते. डोळ्यामागे लाल पट्टा. हे ‘रेड-इअर्ड स्लायडर’, मूळचे अमेरिकेचे. मग ते आपल्या तळ्यात आले कसे? आपल्याच घरांतून! दुकानात ते बिस्किटाहून लहान, हिरवेगार, गोजिरवाणे दिसते. मुले हट्ट धरतात, आपण घेऊन देतो. पुढे ते ताटलीएवढे होते, पाण्याला वास येऊ लागतो, घरात कुरकुर सुरू होते.

मागच्या महिन्यात ओळखीचे एक गृहस्थ असेच कासव बादलीत घेऊन तळ्यावर आले. म्हणाले, “सर, मुके जनावर आहे. मोकळे केले तर सवाब मिळेल.” नियत साफ होती. तेवढ्यात आमच्या धाकटीने विचारले, “चाचा, मग हे आपल्या कासवाचा दगड घेणार नाही का?”

पोरीने नेमके तेच विचारले होते. हे परके कासव ऊन खाण्याच्या जागा बळकावते, अन्नात वाटेकरी होते, सोबत रोगही आणू शकते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातल्या 100 अतिशय घातक परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. एका जिवावर दया करताना तळ्यातल्या कितीतरी जिवांचा हक्क जातो. आम्ही हे समजावले, तेव्हा चाचा बादली घेऊन परत गेले. आता त्यांच्या गच्चीवर मोठा टब आहे, त्यात ऊन खायला एक वीटही ठेवली आहे.

ज्यांच्या घरी असे कासव आहे, त्यांनी ते सांभाळावे किंवा नीट सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावे. जमत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांना किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारावे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. तळ्यात पाव टाकू नये. तो कासवाचा आहार नाही आणि पाणीही नासते.

आपले देशी कासव तर घरी आणायचेच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फ्लॅपशेलला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. ते पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. कुठे जखमी दिसले तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

आणि मुलाने दुकानात हट्ट धरलाच, तर साधा हिशेब करावा. स्लायडर वीस-तीस वर्षे जगू शकते. आज पहिलीत असलेल्या मुलाला स्वतःची मुले होतील, तेव्हाही ते त्याच टबात असेल. तोवर पाणी कोण बदलणार, हे आधी घरात ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.