आधी खोली मोजा, मग कालवे खणा

ज्या मालमत्तेची मोजदाद नाही ती कवडीमोलाने जाते, हा अर्थव्यवहारातील जुना अनुभव आहे. पीटच्या जमिनींबाबत इंडोनेशियाला तो फार महाग पडला. दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचून पीट तयार होते. पृथ्वीवरील जमिनीच्या अवघ्या ३ टक्के भागात असलेल्या या थरांत मातीतील एकूण कार्बनापैकी सुमारे एक तृतीयांश साठा आहे. १९९६ मध्ये सुहार्तो सरकारने मध्य कालिमंतानमधील सुमारे १० लाख हेक्टर क्षेत्र भातशेतीखाली आणण्यासाठी कालवे खणावयास घेतले. अपेक्षित भात हाती आला नाही. सुकलेले पीट मात्र १९९७ मध्ये पेटले आणि १९९९ मध्ये योजनाच गुंडाळावी लागली. वास्तविक ३ मीटर वा त्याहून खोल पीट राखण्याचा आदेश १९९० मध्येच निघाला होता. परंतु खोलीच मोजली नाही, तर तो कोणत्या जमिनीला लागू करावयाचा? गिरमिटाने थराची खोली आणि रोवलेल्या नळ्यांतून पाण्याची पातळी मोजणे हा केवळ सोपस्कार नव्हे. तोच नियोजनाचा पाया होय. पाहणीचा खर्च वाचविणारे सरकार प्रत्यक्षात पुढील पिढ्यांच्या नावे कर्ज काढीत असते.