अनोळखी उपकरणाचे निदान

संगणकाला नवे उपकरण जोडावे आणि पडद्यावर 'अननोन डिव्हाइस' एवढेच उमटावे, हा अनुभव बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी हाती लागेल तो ड्रायव्हर उतरवून घेतला जातो. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोजच नव्याने बसवली जाते. रोग न ओळखता औषध देण्याची ही सवय तंत्रशिक्षणाने मोडायला हवी.

यूएसबी उपकरण जोडताच संगणक त्याची ओळख विचारतो. उत्तरादाखल उपकरण उत्पादकाचा आणि वस्तूचा असे १६ बिटांचे दोन क्रमांक कळवते. त्यांवरून किंवा उपकरणाच्या वर्गावरून ड्रायव्हर निवडला जातो. डिव्हाइस मॅनेजरमधील 'हार्डवेअर आयडी' या नोंदीत हे क्रमांक वाचता येतात. ते नीट दिसत असून 'कोड २८' आला असेल, तर ड्रायव्हर बसवलेला नाही. मात्र उत्पादकाच्या जागी ०००० आणि सोबत 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असा संदेश असेल, तर उपकरण आपली ओळखच देऊ शकलेले नाही. तेव्हा ड्रायव्हर शोधत बसण्यापूर्वी केबल, पोर्ट आणि वीजपुरवठा तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रयोगशाळेतील शिस्त याहून निराळी नसते.

जबलपूर येथे २००५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातच माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प आणि निर्मिती ही तिन्ही क्षेत्रे एकत्र आली आहेत. ड्रायव्हर हा नेमका त्यांच्या सांध्यावरचा विषय. अशा संस्थांतील प्रात्यक्षिकांत उपकरण चालू झाले की नाही याइतकेच गुण, बिघाड कोणत्या क्रमाने शोधला यालाही मिळायला हवेत. अभ्यासासाठी साहित्याची वाण नाही: लिनक्स कर्नलच्या खुल्या संहितेचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. इस्रोच्या 'विक्रम ३२०१' या प्रक्रियकासाठी कंपायलर, असेंब्लर आणि लिंकरही देशातच घडवावे लागले. चिप तयार झाली म्हणजे काम संपत नाही. तिच्याशी संगणकाचा संवाद जुळवून देणारी माणसेही तितक्याच तातडीने घडवावी लागतील.