पिल्लू घरी आणण्याआधी

बंगळूरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घरांतही मुलांचा हट्ट ठरलेला, ‘आपल्याला कुत्रा हवा!’ आई-बाबा किंमत विचारतात, जमेलसे वाटते आणि रविवारी पिल्लू घरात येते. हिशेब चुकतो तो इथेच. किंमत एकदाच मोजायची असते. कुत्रा मात्र दहा-बारा वर्षे सांभाळायचा असतो.

खरे तर पहिला खर्च टाळताही येतो. ‘क्यूपा’ ही संस्था १९९१ पासून बंगळूरमध्ये प्राण्यांसाठी काम करते. अशा ठिकाणाहून कुत्रा दत्तक घेता येतो. विकतच घ्यायचा असेल, तर ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ते विकताच येत नाही.

पहिल्या वर्षी मोठा खर्च लसींचा. डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नियमित. शिवाय जंतांचे औषध आणि नसबंदी. इथे काटकसर नको. पार्व्हो झालेल्या पिल्लाला सलाईन लावावे लागते. तो खर्च लसीच्या कितीतरी पट, आणि पिल्लू वाचेलच याची खात्री नाही.

मग दरमहाचे खाणे, गोचिडांचे औषध, नखे-केस. दोघेही नोकरीला जात असतील तर फिरवून आणणाऱ्याचा पगार. मे महिन्यात गावी जाताना कुत्र्याला कुठे ठेवणार, त्याचेही पैसे. महिन्याला ३,००० रुपये धरले, तरी बारा वर्षांचे ४ लाख ३२ हजार होतात. आजारपण वेगळेच.

यावर एक सोपा उपाय आहे. पिल्लू आणण्याआधी तीन महिने ३,००० रुपये बाजूला टाकून पाहावेत. घरखर्चाला ओढ लागली नाही, तर खुशाल आणावे. जमलेले ९,००० रुपये लसींना उपयोगी पडतील. ओढ लागली, तर मुलांची समजूत आताच घालावी. पिल्लू लळा लावून बसल्यावर ती घालणे अवघड.

आणि एक लक्षात ठेवावे. हट्ट धरणारा मुलगा आज चौथीत असेल, तर कुत्रा म्हातारा होईल तेव्हा तो नोकरीला लागलेला असेल, कदाचित परगावी. औषधाच्या गोळ्या भरवायला घरी आई-बाबाच असतील.