कोऱ्या यादीचा अर्थ काय समजावा?

नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक शेतकरी ट्रॅक्टर भरण्यापूर्वी आता मोबाईलवर बाजारभावाची यादी पाहतो. माल लासलगावी न्यावा, पिंपळगाव बसवंतास न्यावा, की चाळीतच राहू द्यावा, हा निर्णय पुष्कळदा त्या यादीवर अवलंबून असतो. अशा वेळी ॲप उघडताच समोर नुसता कोरा पडदा आला, तर त्याने काय समजावे? आज आवक नाही, लिलाव बंद आहेत, की माहिती अद्याप वाटेतच आहे?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. २० सप्टेंबर २०२३ पासून या जिल्ह्यातील कांदा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. ते पूर्ववत होण्यास ऑक्टोबर उजाडला. त्या दिवसांत बंद बाजाराच्या नावापुढे भाव नसणे हेच खरे उत्तर होते. असा अनुभव घेतलेला शेतकरी कोरी यादी पाहून ‘बाजार बंद’ असे समजला, तर त्यात त्याचे अज्ञान नाही. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागात रेंज क्षीण झाली म्हणजेही तोच कोरा पडदा दिसतो. दोन भिन्न गोष्टींना एकच चेहरा देणे हा ॲप बनविणाऱ्याचा दोष होय.

विहिरीवरील मोटार सुरू केल्यावर दूरच्या वाफ्यात पाणी पोहोचण्यास वेळ लागतो. तथापि मोटारीचा आवाज कानी असल्याने शेतकरी निर्धास्त थांबतो. आवाज नसेल तर तो स्टार्टरकडे धाव घेतो. पडद्यावरील फिरते चक्र, अथवा ‘माहिती येत आहे’ ही ओळ, त्या आवाजाचे काम करते. ती नसली म्हणजे माणूस पुनःपुन्हा बटण दाबत राहतो.

मात्र चक्र अखंड फिरत ठेवणे हाही उपाय नव्हे. मोटारीने हवा धरली तरी आवाज येतच असतो! संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ साली असे मांडले की, सुमारे दहा सेकंदांपलीकडे माणसाचे लक्ष टिकत नाही. म्हणून त्याहून अधिक वेळ लागणार असेल तर काम कोठवर आले ते दाखवावे. माहिती आलीच नाही तर ‘मिळाली नाही, पुन्हा प्रयत्न करावा’ असे स्पष्ट लिहावे. नोंदच नसेल तर ‘आज या बाजारात कांद्याची नोंद नाही’ असे लिहावे. कालची यादी फोनमध्ये असेल तर नवी येईपर्यंत ती पुसू नये. तारखेसह राहू द्यावी.

यादीच्या शेपटाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. लांब यादी बहुधा हप्त्याहप्त्याने येते. वर्णानुक्रमे लावल्यास पिंपळगाव आधी येते, येवला व लासलगाव बरेच खाली राहतात. पुढील नावे येत असल्याची खूण तळाशी नसेल, तर यादी संपली असे वाटते, आणि १९४७ पासून चालत आलेली लासलगावची बाजार समिती त्यात नाहीच असा समज होतो. हे सारे सजावटीचे काम आहे, असे म्हणणारे भेटतात. परंतु एका ओळीच्या मजकुराने जुना फोनही मंदावत नाही.

पीक नोंदीच्या बाबतीत ही उणीव अधिक जाचक ठरेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. अशा कामात गटांची यादी कोरी दिसली, तर आपले नाव सातबाऱ्यावरून गेले की काय, या धास्तीने माणूस दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ॲपचे प्रात्यक्षिक केवळ कार्यालयात दाखवू नये. तेथे रेंज चांगली असते, यादी चटकन येते, आणि विलंब कसा दिसतो हे कोणालाच कळत नाही. प्रात्यक्षिक शिवारात, रेंज कमी असेल तेथे द्यावे; आणि पडदा कोरा राहिल्यास गाव, वेळ व ॲपचे नाव लिहून ती नोंद तालुका कार्यालयाकडे लेखी पाठवावी.