अर्ध्या श्रेणीचा न्याय

१९८९ पासून चालत आलेल्या 'आयेल्ट्स' या इंग्रजी परीक्षेचा निकाल हाती पडला, की पुष्कळ घरांतून एकच प्रश्न उठतो: मुलाने निबंध तर सुरेख लिहिला होता, मग लेखनातच घात कसा झाला? कोणी परीक्षकाच्या लहरीवर खापर फोडतो, कोणी नशिबाला बोल लावतो. आमच्या मते 'सुरेख' या शब्दाचा जो अर्थ आपण धरून बसलो आहोत, तोच पुष्कळदा आड येतो.

या परीक्षेत साठ मिनिटांत दोन लेख लिहावयाचे असतात. पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा; आणि दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. प्रत्येक लेख चार कसोट्यांवर घासला जातो: प्रश्नाला नेमके उत्तर दिले काय, विचारांची संगती लागते काय, शब्दसंपदा कितपत व्यापक व अचूक आहे, आणि वाक्यरचना विविध व शुद्ध आहे काय. चारही कसोट्यांचे वजन सारखेच. म्हणजे निम्मी श्रेणी भाषेच्या अंगाची, तर निम्मी विचाराच्या मांडणीची. हे गुपित नव्हे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच ही वर्णने प्रसिद्ध केलेली आहेत.

असे असता कित्येक शिकवणीवर्गांतून काय विकले जाते? कोणत्याही विषयास चिकटविता येतील अशी पाठ वाक्ये आणि भारदस्त शब्दांच्या याद्या! पाठ केलेला मजकूर परीक्षकाने ओळखला, की तो हिशेबात धरला जात नाही. कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या पालकांच्या पदरी हेच पडावयाचे काय?

तथापि सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. श्रवणात ७.५, वाचनात ७, संभाषणात ६.५ व लेखनात ५.५ मिळविणाऱ्याची एकंदर श्रेणी ६.५ ठरते. परंतु 'एकंदर ६.५, मात्र कोठेही ६ हून कमी नको' अशी अट घालणाऱ्या विद्यापीठाचे दार त्याला बंदच! फेरतपासणी मागता येते, श्रेणी बदलल्यास तिचे शुल्कही परत मिळते. पण प्रवेशाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. तासाभराच्या लेखनाने, तेही अर्ध्या श्रेणीने, तरुणाचे अख्खे वर्ष टांगणीस लावू नये. काठावरच्या विद्यार्थ्याचे इतर लेखन विद्यापीठांनी अवश्य पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ते होईल तेव्हा होवो. आपल्या हाती आहे ते आज करावे. माझे मत काय, ते का, आणि त्यास दाखला कोणता, हे ज्याला मराठीत चार सरळ वाक्यांत सांगता येत नाही, त्याला ते परक्या भाषेत पाठांतराने कोठून साधणार? पालकहो, वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी एवढेच विचारा: येथे मुलाला विचार मांडावयास शिकविता, की वाक्ये घोकावयास?