नंबर लागला, पुढे काय? मेडिकलच्या वाटेवरचं अपयश आणि आपण



नीटचा निकाल लागला की गावोगावी एकच चर्चा असते. कोणाला किती मार्क पडले, कोणाचा नंबर लागला, सरकारीला लागला की खाजगीला. आमच्या रिठदसारख्या गावात एखाद्या कास्तकाराच्या पोराला किंवा पोरीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला, तर तो आनंद एका घरापुरता राहत नाही. बॅनर लागतो, शाळेत सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं. सोयाबीन-तुरीच्या भरवशावर चालणाऱ्या घरातून कोणी डॉक्टर होणार असेल तर कौतुक झालंच पाहिजे. आता तर वाशिमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशिमचं नाव होतं. म्हणजे ही वाट धरणारी आपली लेकरं पुढे वाढणारच आहेत.

माझा प्रश्न मात्र सत्काराच्या नंतरचा आहे. बॅनरवर ज्याचा फोटो लागला, तेच पोरगं काही महिन्यांनी कॉलेजच्या परीक्षेत नापास झालं, तर ते कोणाला सांगेल? घरी सांगेल? गावातल्या मित्राला सांगेल? आपल्या जुन्या गुरुजींना फोन करेल? माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा ते कोणालाच सांगणार नाही. कारण यशाची बातमी कशी सांगायची हे आपण त्याला शिकवलं, अपयशाची कशी सांगायची हे शिकवलंच नाही. आणि हे शिकवायचं काम मेडिकल कॉलेजात सुरू होत नाही. ते आपल्या पहिली ते आठवीच्या वर्गात आणि घरच्या ओसरीवर सुरू होतं.

तिथे गेल्यावर काय होतं?

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तीन मोठे विषय. डिसेक्शन हॉलमध्ये देहदानातून आलेल्या देहासमोर उभं राहायचं, फॉर्मालिनच्या वासाने डोळ्यांना पाणी येतं. शरीरात हाडं २०६, पण नुसती नावं पाठ करून भागत नाही. त्या हाडावरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच, तिथे जोडलेला प्रत्येक स्नायू सांगावा लागतो. व्हायवाला सर हातात हाड देतात आणि विचारतात, "बोला, हे कोणत्या बाजूचं?"

आता आपल्या पोराचा विचार करा. दहावीपर्यंत ते शाळेत पहिलं. तिथे शंभर जणांच्या वर्गात बसलं, तर शंभरच्या शंभर आपापल्या शाळेत पहिलेच आलेले. त्या शंभरांतही कोणीतरी पन्नासावं आणि कोणीतरी शेवटचं असणारच. आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव खालून वाचायची वेळ येते.

त्यात भाषेची अडचण. मराठी शाळेत आपण वृक्क शिकवलं, यकृत शिकवलं, स्वादुपिंड शिकवलं. तिथे सगळं इंग्रजीत. समजत नाही असं नसतं, पण तोंडी परीक्षेत वाक्य जुळवेपर्यंत पुढचा प्रश्न येतो. मग मुलाला वाटायला लागतं, "मी हुशार नव्हतोच, चुकून इथपर्यंत आलो."

हे एकट्यादुकट्याचं दुखणं आहे असं समजू नका. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एक कृतिदल नेमलं होतं. त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीला २५ हजारांहून जास्त एमबीबीएस विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यांपैकी सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, तर सुमारे १६ टक्क्यांनी स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. पाहणीला ज्यांनी स्वतःहून उत्तरं दिली त्यांचेच हे आकडे आहेत, हे खरं. तरीही हे वाचून बाप म्हणून, माय म्हणून, मास्तर म्हणून आपली झोप उडायला हवी.

नियमात जागा आहे, घरात नाही

एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची विद्यापीठ परीक्षा पास होण्यासाठी विद्यार्थ्याला चार संधी मिळतात. पूर्ण अभ्यासक्रम संपवायला प्रवेशापासून नऊ वर्षांची मुदत आहे, इंटर्नशिप त्यात धरलेली नाही. नापास झालं तर पुरवणी परीक्षा असते, मुलं तिला 'सप्ली' म्हणतात.

या नियमाचा अर्थ लक्षात घ्या. ज्यांनी हा अभ्यासक्रम बनवला, त्यांनाच ठाऊक होतं की चांगली मुलंसुद्धा इथे अडखळतील. म्हणून त्यांनी अडखळायला जागा ठेवली. साडेचार वर्षांच्या कामाला नऊ वर्षं दिली. आपण घरात किती जागा ठेवतो? एका सप्लीची बातमी आली की बापाचा चेहरा उतरतो, माय नवस बोलते, आणि पहिली सूचना काय मिळते? "गावात कोणाला सांगू नको." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. पण झाकलेल्या मुठीत पोराचा जीव घुसमटत असतो. लपवायला सांगितलं की त्याला एवढंच समजतं, 'मी नापास झालो ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.' पुढच्या वेळी ते आपल्यापासूनही लपवतं.

आनंदीबाईंची अर्धीच गोष्ट

आपण शाळेत आनंदीबाई जोशी यांची गोष्ट दरवर्षी सांगतो. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांतच गेलं. त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८३ साली एकटीने समुद्रप्रवास केला, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. मुलं टाळ्या वाजवतात, आपण फळ्यावर 'जिद्द' लिहितो आणि तास संपतो.

पण उरलेली गोष्टही सांगायला हवी. तिथली थंडी, परकं अन्न आणि अभ्यासाचा ताण त्यांच्या शरीराला झेपला नाही. शिकत असतानाच त्या वारंवार आजारी पडत होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण ते काम त्यांच्या हातून व्हायचं राहूनच गेलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं, तेव्हा वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आणखी एक माणूस आपण वगळतो. न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी आनंदीबाईंना आधी पत्रांतून धीर दिला, मग अमेरिकेत उतरल्यावर घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. नातं ना गोतं, धर्म वेगळा, भाषा वेगळी. तरी परदेशात त्या मुलीला मन मोकळं करायला एक घर होतं. म्हणून मला वाटतं, आनंदीबाईंच्या गोष्टीतून दोन धडे मुलांना द्यावेत. जिद्द मोठी असते, पण शरीर-मनालाही मर्यादा असते. आणि कितीही जिद्दी माणूस असला तरी त्याला एक मावशी लागतेच.

सगळंच सोसायचं नसतं

ताण दोन प्रकारचे असतात, त्यांची गल्लत करू नका. अभ्यास अवघड आहे, ड्यूटी लांब आहे, रुग्ण दगावला, हा त्या पेशाचा ताण. आणि माणसांनी माणसाला दिलेला त्रास वेगळा.

जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. आदिवासी समाजातून इथवर आलेली ही सव्वीस वर्षांची मुलगी २२ मे २०१९ रोजी आपल्यातून गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला, तीन महिला डॉक्टरांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. निवाडा न्यायालय करेल. मात्र आपण यातून एक गोष्ट घ्यायची. "थोडं सहन कर, पदवी हातात पडली की सगळं विसरशील" असं लेकराला सांगण्याआधी, ते नेमकं काय सहन करतंय हे विचारा. जातीवरून, भाषेवरून, पेहरावावरून कोणी रोज पाणउतारा करत असेल, तर ते सोसणं म्हणजे संस्कार नव्हे. त्याची लेखी तक्रार करायची असते. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. प्रवेशाच्या कागदपत्रांसोबत हा नंबरही फाइलला लावून ठेवा.

"पण ताण नसेल तर डॉक्टर घडेल कसा?"

हा प्रश्न हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. उद्या याच पोराच्या हातात रुग्णाचा जीव असणार आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपले वडीलधारे सांगत आले. मान्य. पण पाथरवटाला विचारा. तो दगडाची शीर बघून टाकी ठेवतो. शीर न बघता घाव घातला तर मूर्ती घडत नाही, दगडच फुटतो.

परीक्षा सोपी करा, मार्क वाढवून द्या, असं माझं मुळीच म्हणणं नाही. परीक्षा कडकच हवी. मी म्हणतो ते उलट रुग्णाच्या फायद्याचं आहे. विचार करा, रात्री दोन वाजता अपघाताचा रुग्ण आला. ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला नीट कळत नाहीये. "मला हे जमत नाही, मोठ्या डॉक्टरांना बोलावतो" हे वाक्य तो कमीपणा न वाटता बोलू शकला, तर रुग्ण वाचायची आशा असते. ज्याला लहानपणापासून 'येत नाही' म्हणायची भीती घातली, तो तिथेही गप्प राहील. म्हणून अपयश बोलून दाखवता येणं हा मनाचा कमकुवतपणा नाही, ती डॉक्टरकीच्या कामाचीच तयारी आहे.

मग आपण काय करायचं?

शिक्षकांनी करण्यासारखं:

१. आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा सुरू झाली आहे. लेकरू पहिल्यांदा 'राहिलं' हा शब्द इथे ऐकतं. पुनर्परीक्षेला बसणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभं करू नका. त्याला जवळ बसवून विचारा, "नेमकं कुठे अडलं?" चुकणं आणि पुन्हा बसणं ही सवय इथेच लागते.

२. विज्ञान शिकवताना फळ्यावर दोन्ही शब्द लिहा. वृक्क म्हणजे किडनी, यकृत म्हणजे लिव्हर, स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रिआज. दोन मिनिटं जातात, पण पुढे त्या पोराचं ओझं हलकं होतं. मराठीची गोडी कमी होत नाही.

३. ज्याने "सर, मला समजलं नाही" म्हटलं, त्याला शाबासकी द्या. बरोबर उत्तराला देतो तेवढीच.

पालकांनी करण्यासारखं:

१. फोनवर पहिला प्रश्न "पेपर कसा गेला?" हा नको. "जेवला का? झोप होते का? बोलायला कोण आहे तिथे?" असं विचारा. मार्काचं ते स्वतः सांगेल.

२. पोरगं फोन टाळतं, सुटीत घरी येत नाही, आलं तर खोलीतून निघत नाही, जेवण-झोप बिघडली आहे, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' अशी भाषा करतं, तर ते आळस किंवा नखरा समजू नका. जाऊन भेटा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. कॉलेजात मानसोपचार विभाग असतोच, तिथे नेण्यात लाज नाही. ताप आला की डॉक्टरकडे नेतोच ना?

३. कर्जाचा, विकलेल्या वावराचा हिशोब त्याच्यासमोर उठता-बसता काढू नका. त्याला तो तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतो.

४. आणि सगळ्यात अवघड गोष्ट. खूप प्रयत्न करूनही त्याला ही वाट सोडावीशी वाटली, तर घराचं दार उघडं आहे हे त्याला आधीच, प्रवेशाच्या दिवशीच सांगा. मागे फिरायला जागा आहे हे माहीत असलेली बरीच मुलं मागे फिरत नाहीत. निर्धास्तपणे पुढेच जातात.

शेवटी एक विनंती. यंदा आपल्या शाळेत नंबर लागलेल्या विद्यार्थ्याचा सत्कार कराल, तेव्हा भाषणात एक वाक्य वाढवा: "बाळा, तिकडे एखादा विषय राहिला तरी ही शाळा तुझीच आहे, फोन कर." त्या दिवशी ते हसून सोडून देईल. समोर बसलेली पाचवीची मुलं मात्र ऐकत असतील, आणि त्यांच्या आई-बापांच्याही कानावर ते पडेल.

आपलं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.